एकच बुरूज राहिला होता

झेरॉक्सचं दुकान असलं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. लोक कागद घेऊन येतात, मशीन गरम होईपर्यंत बोलतात, कागद घेऊन निघून जातात आणि बोललेलं माझ्याकडंच राहतं. वीस वर्षांत किती साठलं असेल! भावकीचे किस्से आहेत, सोसायटीचे आहेत, लग्नपत्रिकांचे तर विचारूच नका. पण गेल्या चार वर्षांत एकाच विषयाचे इतके साठलेत की दुसरं काही आठवायला गेलो तरी तेच पुढं येतात. गढीचे किस्से. ऐकणारे पोट धरून हसतात. मला त्यातल्या एकाचंही हसू येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव विट्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. नाव सांगत नाही, कारण सरपंच माझ्याच दुकानात झेरॉक्सला येतात. गावाच्या वरच्या अंगाला गढी होती. गढी म्हणजे मातीचा किल्ला. खाली दगडाचा पाया, वर पांढऱ्या मातीचा उंच तट, चार कोपऱ्यांना चार बुरूज. कुणी म्हणतं बहामनी अमदानीतली, कुणी म्हणतं त्याच्याही आधीची. मी शाळेत होतो तेव्हा दोन बुरूज होते. हे किस्से सुरू झाले तेव्हा एक राहिला होता.

आणि अण्णा होते. अण्णा फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झाले. गावात आल्यावर पहिल्याच आठवड्यात गढीवर चक्कर मारून थेट माझ्या दुकानात आले.

"मोहन, अर्ज टाईप कर. आपला बुरूज सरकारच्या यादीत गेला पायजे. यादीत गेला की मग त्याला कुनाचा बाप हात लावत न्हाई."

"अण्णा, कशाला डोक्याला ताप करून घेताय?"

"ह्याच बुरजावर चढउतर करून मी भरती झालो, गड्या. तिकडं बर्फात एका उघड्या दगडाची राखण केली धा म्हयनं. हा तर आपला बुरूज हाय!"

त्यांचं मागणं तेवढंच होतं. संरक्षित वास्तूंच्या यादीत एक ओळ. लगेच समिती झाली. अध्यक्ष अण्णा, सचिव मी आणि सदस्य बिरूतात्या. बिरूतात्या म्हणजे आमच्या गावचे म्हातारे धनगर. त्यांची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या गढीवर चरत आली होती, त्यामुळं गढीवर रोज जाणारा गावात तो एकच माणूस. चौथा सदस्य शेवटपर्यंत मिळाला नाही.

* * *

फौजी माणूस, त्यामुळं अण्णा म्हणाले, आधी नकाशा. कुठला तट कुठं होता, कुठला बुरूज कधी पडला, सगळं कागदावर आलं पाहिजे. त्यासाठी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडं गेलो, काशाक्काकडं. काशाक्काचं घर जुन्या पद्धतीचं, माळवदाचं. म्हणजे वर पत्रा नाही, स्लॅब नाही, लाकडाच्या पाटणीवर मातीचा जाड थर.

अण्णांनी वही उघडली. "आक्का, पूर्वेचा तट कवा पडला?"

"पडला? त्यो कशानं पडतूय?"

"मग कुठं गेला?"

"वर बघ की!" काशाक्का म्हणाली. "तुज्या डोक्यावर हाय."

आम्ही दोघांनी वर बघितलं. ती समजावून सांगायला लागली, जशी लहान पोरांना सांगतात. गढीची पांढरी माती गळत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या आळीतल्या बाया पाट्या घेऊन जायच्या, तट खणायच्या आणि माळवदावर टाकायच्या. तिच्या सासूनं टाकली, तिनं टाकली, तिच्या सुनांनी टाकली. लढाई नाही, तोफ नाही. शंभर वर्षांत बायकांनी डोक्यावरून एक किल्ला गावात उतरवला!

"आनि तू काय इचारतूयास?" ती अण्णांना म्हणाली. "तुज्या लग्नाच्या साली तुज्या बानं वरचा अक्खा बुरूज न्हेला. बारा गाड्या! सून यायच्या आधी माळवद नवं पायजे म्हनून!"

अण्णांनी वही मिटली. घरी जाऊन बराच वेळ सोप्यात आढ्याकडं बघत बसले होते, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी नकाशा झेरॉक्सला आला. नीट पट्टी लावून काढलेला, बाण, उत्तर दिशा, सगळं. ईशान्य कोपऱ्यात गोल काढून खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : "बुरूज क्र. २. सध्या माझ्या घरावर."

* * *

पुढचा किस्सा माझा स्वतःचा आहे आणि तो सांगायची मला लाज वाटते, पण माझ्याशिवाय तो कुणी सांगितला तर जास्त तिखटमीठ लावून सांगेल.

मी मराठी टाईप करतो ते इंग्रजी अक्षरांतून. दोनतीन अक्षरं दाबली की मशीनच पुढचा शब्द सुचवतं. आपण रोज काय टाईप करतो ते त्याच्या लक्षात राहतं. आता माझ्या दुकानात रोज कोण येतं? डाळिंबवाला आणि द्राक्षवाला. बागेवर बुरशी पडली, बुरशीनं नुकसान झालं, बुरशीचा पंचनामा व्हावा! तर अण्णांच्या अर्जासाठी मी "बुर" एवढं दाबलं, मशीननं जे पुढं केलं ते न बघता घेतलं आणि पुढं गेलो. अण्णांनी विश्वासानं न वाचता सही ठोकली. पाकीट रवाना झालं.

दोन महिन्यांनी मोटरसायकलवर एक तरुण कृषी सहायक दुकानापुढं उतरला. हातात पिशवी, गळ्यात भिंग. म्हणाला, "ऐतिहासिक बुरशी कुठंय?"

त्याच्या हातात आमचाच अर्ज होता, कृषी खात्याकडं वळवलेला. विषय : मौजे अमुक येथील ऐतिहासिक बुरशीचे संरक्षण करणेबाबत! नेमके अण्णा तिथंच बसलेले. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं, साहेब बुरजाचंच विचारतोय.

"हाय की! वर टेकाडावर."

"किती वर्षांपासून आहे?"

"पाचशे तर धरूनच चाला."

"पाचशे!" तो पोरगा हादरला. "आणि अजून आटोक्यात नाही?"

"कशाचं आटोक्यात? एकच राहिलाय. त्योच वाचवायचाय आमाला!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले आणि सगळं सांगितलं. बिचारा भला होता, रागावला नाही. एवढ्या लांब आलोय तर बघून जातो म्हणाला. अण्णा त्याला वर घेऊन गेले. त्यानं बुरजाला फेरी मारली, मातीवर हात फिरवला, भिंगातून बघितलं, एका सांदीतलं शेवाळ खरवडून पुडीत घेतलं. जाताना रजिस्टरवर शेरा द्यावा लागतो म्हणून बुरशीवरचं नेहमीचं औषध लिहिलं : "बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी."

सगळ्या तालुक्यात हा किस्सा फिरला. लोक मला अजून "बुरशीवाला" म्हणतात. पण खरं सांगू? सुरुवातीच्या तीन वर्षांत सरकारचा जो एकमेव माणूस त्या टेकाडावर चढला आणि ज्यानं बुरजाला हात लावला, तो हाच. दुरुस्त अर्ज पाठवला, स्मरणपत्रं पाठवली, त्या कशालाच कुणी आलं नाही. बुरशी म्हटलं की माणूस येतो.

* * *

अण्णांनी ग्रामपंचायतीच्या मागं लागून लागून एक ठराव करून घेतला. गढीवर पाटी लावायची. लोखंडी, रंगवलेली, ठळक अक्षरात : "येथे खोदकाम करण्यास सक्त मनाई आहे."

पाटीला दोन खांब. खांबांना दोन खड्डे. सरपंचांचं म्हणणं पडलं की पाटी खालच्या रस्त्यावरून दिसली पाहिजे, नाहीतर उपयोग काय? रस्त्यावरून काय दिसतं, तर बुरूज. म्हणून खड्डे काढले ते बरोबर बुरजाच्या पायात. तीन-तीन फूट! अण्णा त्या दिवशी पेन्शनच्या कामासाठी सांगलीला गेले होते.

तिसऱ्या दिवशी अण्णा माझ्याकडं बसले होते, तेवढ्यात बिरूतात्या धापा टाकत दुकानात आले. "अण्णा, पाटीवर बुरूज पडला!"

वर जाऊन बघितलं तर पश्चिमेकडची अख्खी बाजू सुटून खाली आली होती. पाटीचा फक्त वरचा काठ मातीतून दिसत होता आणि त्यावर "येथे" एवढाच शब्द. बिरूतात्या डोक्यावरचं पागोटं काढून उभे राहिले. "कोयनंच्या भूकंपात गावातली घरं पडली, पर ह्याचा खडा हलला न्हवता," ते म्हणाले. "ह्या मुडद्यांनी पाटी लावून पाडला."

अण्णा तसेच ग्रामपंचायतीत गेले. सरपंचांनी शांतपणे ऐकून घेतलं, खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाले, "काळजी करू नका अण्णा. पाटी नवी करून घिऊ!"

* * *

कुणीतरी सांगितलं, साताऱ्यात इतिहासाचे एक मोठे जाणकार आहेत, त्यांचं शिफारसपत्र मिळालं की फाईल हलते. आम्ही पहाटेच्या एसटीनं गेलो. अण्णांकडं फाईल होती, त्यात नकाशा, फोटो, काशाक्काचा जबाब सुद्धा.

सरांनी चहा दिला. फाईल चाळली. मग विचारायला लागले.

"कोणत्या घराण्याची गढी?"

"म्हाईत न्हाई."

"शिलालेख?"

"न्हाई."

"लढाई झाली का कुठली?"

"न्हाई."

"कुणी मोठी व्यक्ती मुक्कामाला राहिल्याचा कागद?"

"तसला कागद न्हाई."

सरांनी फाईल मिटली. चष्मा काढला. "सुभेदार, मग पाचशे वर्षांत त्या गढीवर घडलं तरी काय?"

अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. मला वाटलं, आता भांडण. पण ते साहेबापुढं रिपोर्ट द्यावा तसे बोलले. "काय न्हाई घडलं, सर. गावावर कुनी चालून आलं की बाया, पोरं, गुरं सगळी आत जायची. दार लागायचं. चालून आलेला बघायचा आनि म्होरं जायचा. लढाई झाली न्हाई म्हंजे गढीनं ड्यूटी चोख केली की!"

सरांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "वाक्य छान आहे. पण याला आधार लागतो."

कराडपर्यंत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. गावात आल्यावर सरपंचांनी उपाय सांगितला. "आवं अण्णा, एखादा राजा मुक्कामाला हुता म्हनून लिवा की! कोन तपासाय येतंय?"

"खोटं लिहून वाचवायचा असला तर मग त्यो आपला बुरूज कसा?" अण्णा म्हणाले.

शेजारच्या गावानं मात्र तेच केलं. त्यांच्या पडक्या चावडीत एक राजा जेवून गेला, असं त्यांनी लिहिलं. त्यांचं काम सहा महिन्यांत झालं. चावडीपुढं पेव्हिंग ब्लॉक बसलेत, दोन बाकडी आहेत, लाल फुलांची कुंडी आहे. आम्ही विट्याला जाताना एसटी तिथं थांबते आणि अण्णा दर वेळी तोंड दुसरीकडं फिरवतात.

* * *

गढीत सात रांजण सोनं पुरलंय आणि त्यावर नाग आहे, ही आमच्या गावची जुनी समजूत. अमावस्या झाली की टेकाडावर लिंबू, कुंकू आणि नवा खड्डा सापडायचाच. कोण खणतं ते सगळ्यांना माहीत, बोलायचं कुणी नाही.

अण्णांनी यावर शास्त्रीय उपाय काढला. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याच्या. संपतशेठ त्यातलेच. त्यांचं दुकान केरळात. ही माणसं सराफाच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोनं काढतात! जत्रेला संपतशेठ गावी आले तेव्हा अण्णांनी त्यांना गाठलं. खड्ड्यांच्या तळातली माती पिशवीत भरून दिली. "शेठ, ह्यात सोन्याचा कन तरी हाय का, तेवढं छातीठोक सांगा."

महिन्यानं फोन आला. अण्णांनी दुकानातच स्पीकरवर लावला. दहाबारा माणसं जमली.

"अण्णा, लय बारीक धुऊन बघितली. दोनदा गाळली. सोनं शून्य! रांजण न्हाई, काय न्हाई. निव्वळ पांढरी माती. पर माती एक नंबर!"

अण्णा इतके खूश झाले की मला बसवून शेठचं म्हणणं शब्दाला शब्द टाईप करून घेतलं, खाली शेठचं नाव. प्रती काढल्या. देवळात, पारावर, सोसायटीत, दूध डेअरीत, सगळीकडं स्वतः चिकटवल्या. त्या अमावस्येला खड्डा पडला नाही. आम्ही म्हटलं, जिंकलो!

पुढच्या आठवड्यात गढीवर तीन ट्रॅक्टर उभे. ट्रॉल्या भरणं चाललेलं. अण्णा पळत गेले.

"आरं, नागाची तरी भीती धरा!"

ट्रॅक्टरवाला गावातलाच. हसून म्हणाला, "सोनंच न्हाई तर नाग कशाची राखन करतूय, अण्णा? आनि शेठनंच लिवलंय की, माती एक नंबर हाय म्हनून. डेअरीत वाचलं."

इतकी वर्षं जे थोडंफार उरलं होतं ते त्या नागामुळं उरलं होतं. आम्ही शिकल्या-सवरल्या माणसांनी तो नाग मारला. अण्णांनी स्वतःच्या हातानं सगळे कागद फाडून आणले आणि माझ्या टेबलावर ठेवले. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

* * *

एवढ्यावर भागलं नाही. आम्हीच डोकं चालवलं, की पोरांना गढीची गोडी लावू. दिवाळीत पोरं अंगणात मातीचे किल्ले करतातच. समितीतर्फे किल्ला स्पर्धा ठेवली. "आपला किल्ला, आपला इतिहास." पत्रक मी फुकट छापलं. पहिल्या नंबराला अण्णांकडून कंपास पेटी.

स्पर्धेला गावातली सगळी पोरं उतरली. परीक्षणाला निघालो तर आळीआळीत किल्ले! रायगड, प्रतापगड, पाण्यात उभा केलेला सिंधुदुर्ग, हळीव पेरून हिरवा केलेला राजगड. अण्णा हरखून गेले. एकेका किल्ल्यापुढं बसून दरवाजा कुठं, पाण्याचं टाकं कुठं विचारत होते. चौथ्या किल्ल्यापाशी त्यांनी तटाला बोट लावलं आणि बोटाकडं बघत राहिले. बोट पांढरं झालं होतं.

"माती कुठनं आनलीसा?"

"गढीवरनं!" सगळे एका आवाजात. "लय भारी माती हाय, अण्णा! वाळली तरी तडा जात न्हाई!"

वर जाऊन बघितलं. बुरूज दक्षिणेच्या बाजूनं कमरेएवढा पोखरला होता. तीन ट्रॅक्टरांनी सोडलेलं आमच्या स्पर्धेनं नेलं होतं.

खाली आल्यावर अण्णांनी पाचवीतल्या एका पोरीला विचारलं, "एवढ्या सगळ्यांत आपली गढी कुनीच कशी केली न्हाई गं?"

ती पोरगी गोंधळली. "पर अण्णा, ती दिसत कशी हुती, हे कुनाला म्हाईत हाय?"

कंपास पेटी अण्णांनी तिला दिली. तिनं प्रतापगड केला होता आणि तोही एका बाजूला कलला होता. बाकीच्या पोरांच्या आया आठवडाभर माझ्याशी भांडत होत्या.

* * *

चौथ्या वर्षी पत्र आलं! खरंखुरं, पुरातत्त्व खात्याच्या शिक्क्याचं. प्रस्तावित वास्तूची स्थळपाहणी करण्यासाठी साहेब गुरुवारी येणार. अण्णांनी ते पत्र माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं, मग बिरूतात्यांना वाचून दाखवलं. आम्ही तिघं त्याच दुपारी गढीवर गेलो. पोखरलेला, एका अंगानं ढासळलेला, पण उभा होता. अण्णा म्हणाले, "एवढा पुरं हाय. एवढ्यावर यादीत जातोय."

अण्णांपेक्षा सरपंच जास्त खूश. गावात सरकारी गाडी येणार! त्यांनी जंगी तयारी काढली. बुधवारी अण्णा आणि मी विट्याला गेलो होतो, बुरजाचे फोटो मोठे करून आणायला. जुना, ढासळायच्या आधीचा एक फोटो मिळाला होता, तो फ्रेम करायचा होता. चार वाजता परत आलो. एसटीतून उतरून अण्णांनी सवयीनं टेकाडाकडं मान वर केली आणि थांबले.

टेकाडावर काही नव्हतं. वर एक मांडव दिसत होता, निळ्या-पांढऱ्या कापडाचा.

वर गेलो. जेसीबीनं सगळं सपाट केलेलं. पाणी मारून, रोलर फिरवून, एखादं खळं करावं तसं गुळगुळीत. सरपंच खुर्च्या मांडून घेत होते. आम्हाला बघून पुढं आले.

"या अण्णा! सायबांची गाडी आता थेट वर! ऊन लागू नये म्हनून मांडव टाकलाय."

"बुरूज?" अण्णांनी विचारलं.

"त्यो गाडीच्या वाटंत मधीच येत हुता."

बिरूतात्या मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले होते. अण्णा त्यांच्याजवळ गेले. तात्यांनी वर बघितलं नाही. "म्या आडवा पडलो हुतो, अण्णा. जेसीबीम्होरं. तर ड्रायव्हर म्हनला, तात्या, उद्या सायेब बुरूज बघाय येनार हाईत, त्येचीच तयारी चाललीया, उठा. म्हनून उठलो मी."

गुरुवारी साहेब आले. गाडी थेट मांडवात. अण्णा कडक इस्त्रीचा कोट घालून, मेडल लावून, फ्रेम केलेला फोटो काखेत धरून उभे होते. कोट घालू नका म्हणून मी सकाळी सांगून बघितलं होतं. साहेबांना हार झाला, नारळ झाला, पोहे झाले. साहेबांनी सभोवार एकदा बघितलं, बॅगेतून टाईप केलेला कागद काढला आणि वाचला.

"...प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता जागेवर बुरूज अगर तटबंदीचे कोणतेही अवशेष आढळून आले नाहीत. सबब प्रस्ताव दप्तरी दाखल करून बंद करावा." कागद अण्णांपुढं सरकवला. "अर्जदार म्हणून तुमची सही, आणि साक्षीदार म्हणून या सचिवांची."

अण्णांनी फोटो माझ्याकडं दिला. "सायेब, एक शबुद वाढवा. ‘आज’. आज आढळले न्हाईत, असं करा."

साहेब उर्मट नव्हते. उलट समजुतीनं म्हणाले, "त्याची गरज नाही, आजोबा. तारीख वर घातलेली आहेच."

अण्णांनी खिशातून चष्मा काढला आणि कागद वर धरला. मीही वाकून बघितलं. तारीख सोमवारची होती.

"सोमवारी तर मी त्याच्यावर बसून भाकरी खाल्ली, सायेब."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पेन अण्णांच्या हातात दिलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"इथं. नाव पूर्ण लिहा."